सुबत्ता आणि स्वच्छ हवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला भाषण हवे, पण या वेळी बाहेरच्या पाहुण्यांचे नको, आपल्यातल्याच कुणीतरी बोलावे, असे कार्यकारिणीने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. मी अर्थशास्त्राची पंडिता नव्हे. बरीच वर्षे शाळेत भूगोल शिकवला, घर सांभाळले आणि मिळेल ते वाचत आले, एवढेच माझे भांडवल. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर पदरात घ्यावे.

विषय मी मुद्दाम निवडला आहे. उन्हाळ्यात आपण मंडळाच्या वतीने कुरडया-पापडांचे काम काढले होते, ते सर्वांना आठवत असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन पाहतो तो पांढऱ्या शुभ्र कुरडयांवर काजळीचे बारीक काळे ठिपके! रात्री वारा कारखान्याकडून होता. जवळजवळ निम्मा माल टाकावा लागला. एक भगिनी चिडून म्हणाल्या, "हा कारखाना एकदाचा बंद झाला पाहिजे. माझ्या नातवाचा दमा त्याच्यामुळेच." त्यावर दुसऱ्या म्हणाल्या, "बंद करा म्हणता, मग माझ्या दोन मुलांच्या पोटाचं काय? तो कारखाना आला म्हणून ती घरी राहिली, नाहीतर मुंबईला कुठेतरी खोलीत दहा जणांत झोपली असती." बोलण्याने बोलणे वाढले. तेव्हापासून त्या दोघींचे बोलणे बंद आहे, आणि गुरुवारच्या भजनाला एक आली की दुसरी येत नाही. मी नावे घेत नाही. दोघीही आज या सभेत बसल्या आहेत, आणि दोघींचेही म्हणणे मला खरे वाटते. म्हणूनच हा विषय.

प्रश्न असा : पोटापाण्याची सोय वाढत गेली की हवापाणी बिघडलेच पाहिजे का? की पुढे सुबत्ता आली म्हणजे ते आपोआप सुधारते?

पहिल्याने एक भ्रम दूर करू. आपण वयस्क बायका नेहमी म्हणतो, "पूर्वी कशी हवा शुद्ध होती!" बाहेरची असेल, पण स्वयंपाकघरातली? माझी आई चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करी. पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर असा कोंडे की आम्हा मुलांना डोळे उघडवत नसत. चाळिशीतच तिला खोकला जडला तो अखेरपर्यंत सुटला नाही. त्या वेळी आम्ही त्याला 'प्रदूषण' म्हणत नव्हतो, 'बाईचे नशीब' म्हणत होतो. घरातल्या अशा धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. घरात चार पैसे आले, गॅस आला, तेव्हा कुठे आपल्या डोळ्यांतले पाणी थांबले. गरिबी स्वच्छ असते असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. १९७२ साली स्टॉकहोम येथे पर्यावरणावर पहिली मोठी जागतिक परिषद भरली, तेव्हा इंदिराबाई गांधींनी हाच मुद्दा मांडला होता की, दारिद्र्य आणि गरज याही गोष्टी हवापाणी बिघडवतात, त्यांचा विचार आधी करा. ते चुकीचे नव्हते.

आता विद्वान लोक काय म्हणतात ते पाहू. सायमन कुझनेट्स नावाचे एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९५५ साली असा विचार मांडला की, देश गरिबीतून वर येऊ लागला की गरीब-श्रीमंतांतले अंतर आधी वाढते आणि पुढे कमी होते. पुढे १९९१ साली जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघा अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांतल्या शहरांची हवा तपासली. त्यांनाही तसेच चित्र दिसले. उत्पन्न वाढू लागले की गंधकाचा वायू आणि धूर आधी वाढतात. एका टप्प्यानंतर ते उतरू लागतात. आपला घाट असतो ना, तशी ही रेघ. आधी चढण, मग माथा, मग उतार. या रेघेला पुढे कुझनेट्स यांचेच नाव पडले.

याची कारणेही सोपी आहेत. आधी पोटाची चिंता असते. कारखाना येतो आहे म्हटल्यावर धुराडे केवढे, हे कोण विचारतो? पुढे पोट भरले की माणूस मुलांच्या छातीकडे पाहू लागतो. हातात पैसा असतो, त्यामुळे धूर गाळणारी यंत्रे परवडतात. लोक शिकतात, कायदे मागतात.

ही रेघ पाहून काही मंडळींनी सोयीस्कर अर्थ काढला : "आता नुसती वाढ होऊ द्या. घाण होईल ती सोसा. उतार पुढे आपोआप येईल." भगिनींनो, 'आपोआप' या शब्दाशी माझे भांडण आहे. ग्रॉसमन आणि क्रूगर यांनीही हे आपोआप घडते असे म्हटले नाही. जिथे हवा सुधारली तिथे मुख्यतः लोकांच्या मागणीमुळे नियम कडक झाले म्हणून सुधारली, असेच त्यांचे मत होते.

लंडनचे पाहा. कोळशाच्या धुराने ते शहर पिढ्यान्‌पिढ्या काळे होते आणि श्रीमंतही होते. १९५२ च्या डिसेंबरात पाच दिवस धूर आणि धुके असे साचले की हाताने चाचपडत चालावे लागे. त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा तेव्हाचा हिशेब होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. म्हणजे श्रीमंती आधीच आली होती. कायदा यायला इतकी प्रेते पडावी लागली.

पण मला आज तुम्हांला सांगायची आहे ती गोष्ट जपानमधली आहे आणि ती आपल्यासारख्याच बायकांची आहे.

जपानच्या क्यूशू बेटावर उत्तरेला यावाता, तोबाता अशी कारखान्यांची गावे होती. १९६३ साली अशी पाच गावे मिळून किताक्यूशू हे शहर झाले. यावाता येथे १९०१ साली सरकारी पोलादाचा कारखाना सुरू झाला, आणि मग रसायने, वीज, सिमेंट असे सगळेच उद्योग तिथे आले. धुराड्यांतून निरनिराळ्या रंगांचा धूर निघे. लोक त्याला 'सात रंगांचा धूर' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत! धूर म्हणजे काम, काम म्हणजे भात, असा तो हिशेब होता. युद्धात होरपळलेल्या देशात तो हिशेब खोटाही नव्हता.

या भरभराटीची दुसरी बाजू आकड्यांत सांगते. १९६५ साली तिथल्या शिरोयामा वस्तीत दर महिन्याला, चौरस किलोमीटरमागे, सरासरी ८० टन धूळ आणि काजळी आकाशातून पडत होती. आपल्या घरच्या मापाने सांगायचे तर पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर महिन्याला चार किलो! आपल्या कुरडयांवरचे ठिपके त्यापुढे काहीच नव्हेत. शेजारच्या दोकाई खाडीत कारखान्यांचे सांडपाणी जात होते. १९६६ साली पाणी तपासले तर त्यात विरघळलेला प्राणवायू शून्य निघाला. मासे कुठून राहणार? लोक तिला 'मेलेला समुद्र' म्हणू लागले.

तोबाता गावात बायकांची मंडळे होती, आपल्या मंडळासारखीच. १९५० साली तिथल्या एका भागातल्या बायकांनी विजेच्या कारखान्याच्या काजळीचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी काय केले? दोरीवर पांढऱ्या चादरी आणि सदरे वाळत घातले आणि कुठे किती काळे पडतात हे पाहिले. ते पुरावे घेऊन त्या नगरपालिकेपुढे गेल्या. अखेर कंपनीला धूळ अडवणारी यंत्रे बसवावी लागली.

पुढे १९६० नंतर हेच काम त्यांनी मोठ्या प्रमाणावर केले. विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडून त्या शिकल्या. धूळ गोळा करून मोजली, शाळांत जाऊन मुलांच्या गैरहजेरीचे आकडे काढले आणि ते हवेतल्या गंधकाच्या वायूच्या आकड्यांशी ताडून पाहिले. १९६५ साली त्यांनी लहान कॅमेऱ्यावर स्वतः एक बोलपट काढला. त्याचे नाव होते 'आम्हांला निळे आकाश हवे'.

आता मुख्य गोष्ट. या बायकांपैकी पुष्कळजणींचे यजमान त्याच कारखान्यांत नोकरीला होते. ज्या धुराविरुद्ध बोलायचे त्याच धुरावर घर चालत होते. घरी त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, हे मी तुम्हांला सांगायला नको. तरी त्यांनी 'कारखाना बंद करा' अशी मागणी केली नाही. 'कारखाना चालू द्या, पण आमच्या मुलांच्या छातीवर नको' एवढेच त्यांचे मागणे होते. आणि त्यासाठी त्यांनी घोषणांपेक्षा आकड्यांवर भिस्त ठेवली. आकडा खोटा पाडता येत नाही, आणि कुणाचा अपमानही करत नाही.

हळूहळू चक्र फिरले. जपानमध्ये १९६७ साली प्रदूषणाचा मूलभूत कायदा झाला होता, पण त्यात एक मेख होती. हवापाणी राखायचे ते आर्थिक विकासाशी मेळ ठेवून, असे त्यात लिहिले होते. देशभर ओरड झाली आणि १९७० च्या अखेरीस तिथल्या संसदेने ते कलम काढून टाकले. एकाच अधिवेशनात प्रदूषणासंबंधी चौदा कायदे संमत केले. किताक्यूशूच्या नगरपालिकेने १९७२ साली ५४ कारखान्यांशी गंधकाच्या वायूबद्दल करार केला. कमी गंधकाचे तेल आणि नैसर्गिक वायू वापरात आले, धूर धुणारी यंत्रे बसली. १९७४ आणि १९७५ या काळात खाडीच्या तळाचा साडेतीन लाख घनमीटर विषारी गाळ उपसला. खाडीत मासे परत आले. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या शहराचा गौरव केला.

हे सर्व फुकट झाले नाही. १९७२ पासून पुढच्या वीस वर्षांत सरकार आणि कारखाने मिळून सुमारे ८० हजार कोटी येन खर्च झाले, आणि त्यातला मोठा वाटा लोकांच्या करांतून आला. जपान तोवर सधन झाला नसता तर हा पैसा आला नसता, हे मान्य केले पाहिजे. म्हणजे दोन्ही गोष्टी लागल्या. पैसा लागला, आणि तो पैसा इकडे वळवणारी माणसेही लागली.

पण ही गोष्ट सांगून मी तुम्हांला खोटा धीर देणार नाही. घाटाच्या त्या रेघेत तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा असा की, उतार लागेपर्यंत जे गमावले ते परत येत नाही. त्याच क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या रसायनांच्या कारखान्यातला पारा समुद्रात जाई, समुद्रातून माशांत आणि माशांतून माणसांत. १९५६ साली रोगाची नोंद झाली. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. मधल्या बारा वर्षांत पाणी तसेच वाहत राहिले. आयांच्या पोटातल्या बाळांपर्यंत ते विष पोचले आणि जन्मतःच पंगू मुले झाली. देश पुढे कितीही श्रीमंत झाला, तरी त्या मुलांना कोणता उतार लागला?

दुसरा खड्डा. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटला की आपले अंगण स्वच्छ दिसते. काही वेळा श्रीमंत देशांची हवा सुधारते ती घाणीचे उद्योग दुसरीकडे गेल्यामुळे. किताक्यूशूतसुद्धा यंत्रे बसली हे खरे, तसेच पोलादाचे काही काम दुसऱ्या गावी हलले हेही खरे. परदेशातली जुनी जहाजे फोडायला गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर येतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

तिसरा खड्डा सर्वांत मोठा. काजळी डोळ्यांना दिसते, कुरडयांवर बसते, म्हणून आपण ओरडतो. पण कोळसा आणि तेल जाळल्यावर निघणारा कर्बवायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. तो कुणा एकाच्या गच्चीवर पडत नाही, सगळ्या पृथ्वीवर पसरतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले होते. गंधकाला जसा उतार लागला तसा साऱ्या जगाच्या कर्बवायूला आपोआप लागलेला नाही. ज्याची झळ आपल्याला लगेच लागत नाही, त्याच्याबद्दल आपण ओरडत नाही, आणि ओरडल्याशिवाय काही होत नाही. अवेळी पाऊस आणि तापलेले उन्हाळे हे त्याचे बिल आहे, आणि ते आपल्या नातवंडांच्या नावावर फाडले जात आहे.

मग आपण काय करायचे? आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. देशाचा पाण्याचा कायदा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा. कारखान्याला या मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते, आणि धुराड्यातून काय किती सोडायचे याच्या अटी त्यात लिहिलेल्या असतात. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने आपण त्या अटी मागू शकतो. पण कायदा हा घरातल्या पाट्यासारखा आहे. तो असून चालत नाही, त्यावर वाटावे लागते.

तेव्हा माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. येत्या महिन्यापासून आपल्या चार बाजूंच्या चार घरांच्या गच्चीवर हातभर पांढरे मांजरपाट ताणून बांधू. दर आठवड्याला ते काढून त्यावर तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवू. आपल्या दोन शाळांतल्या बाईंना विनंती करू, की खोकल्या-दम्यामुळे कोण मूल किती दिवस आले नाही त्याची नोंद ठेवावी. वर्षभराची अशी वही हातात आली की ती घेऊन आधी कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे जाऊ आणि मग, गरज पडली तर, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. भांडायला नव्हे, हिशेब दाखवायला. आणि त्याच वहीत एक पान आपल्या स्वतःसाठी राखू. आपल्या गल्लीत रोज सकाळी प्लॅस्टिकसकट पालापाचोळा कोण जाळते आणि नाल्यात केर कोण टाकते, तेही लिहू. दुसऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखवताना आपली शेगडी विझलेली असावी.

कुणी म्हणेल, यामुळे कारखाना रागावून गेला तर? ही भीती खोटी नाही आणि ज्या घरातून ती बोलली जाते त्या घराला आपण हसता कामा नये. म्हणूनच या कामात ज्यांची मुले कारखान्यात आहेत त्या भगिनी पहिल्याने हव्यात. त्यांना आत काय चालते ते ठाऊक असते. धूर गाळणारे यंत्र रात्री बंद ठेवतात की काय, हे त्यांच्याच घरी आधी कळते. शिवाय धुराड्याखाली सर्वांत जवळ उभा असतो तो कामगारच. नातवाची छाती आणि मुलाची छाती, दोन्ही एकाच हवेवर चालतात.

एक खासगी विनंती करून थांबते. चार कापडांपैकी पहिले कापड ज्या गच्चीवर कुरडया खराब झाल्या तिथे बांधायचे आहे. कापड ताणून बांधायला दोन माणसे लागतात, एकटीला जमत नाही. एक टोक एका भगिनीने धरावे आणि दुसरे दुसरीने. कोणी ते धरावे हे मी सांगणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी जिन्यात दोरी आणि कात्री घेऊन उभी असेन.